विमान घेताना त्याच्या निरोपाचाही खर्च मांडा : आफ्रिकेतल्या अर्थमंत्र्यांना खुले पत्र

आफ्रिकी संघातील देशांच्या सन्माननीय अर्थमंत्र्यांना,

सादर नमस्कार.

हे पत्र वाहतूकमंत्र्यांना किंवा विमान कंपन्यांच्या प्रमुखांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. आफ्रिकेतल्या बहुतेक राष्ट्रीय विमान कंपन्यांची विमाने शेवटी आपल्या सहीने येतात. कर्जाला हमी आपली, तोटा भरून काढणारी तिजोरी आपली, आणि सुट्या भागांसाठी डॉलर वेळेवर मिळतील की नाही हेही आपले खाते आणि मध्यवर्ती बँक यांच्यावरच ठरते.

मी विमान देखभालीत आयुष्य घालवलेला माणूस आहे. मुंबईच्या हँगरमध्ये बरीच वर्षे, मधली काही पूर्व आफ्रिकेत. पत्राची इंग्रजी प्रत वेगळी पाठवतो आहे. मराठीतही लिहितो, कारण मुंबईहून नैरोबी, आदिस अबाबा, दार-ए-सलाम आणि एन्टेबेला जाणाऱ्या विमानांत माझ्या भाषेची माणसे बसतात. शिवाय आपल्यापुढे जो प्रश्न आहे तो आम्ही आमच्याच शहरात वाढलेल्या एका कंपनीच्या बाबतीत भोगून झाला आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

माझे मागणे एकच आहे. यापुढे कोणत्याही विमानाच्या खरेदीला किंवा दीर्घ भाडेपट्ट्याला मंजुरी देण्याआधी ते विमान किती वर्षे ठेवणार, त्याची इंजिने कुठे आणि कोणत्या पैशांतून दुरुस्त होणार, तोवर त्याच्या जागी काय उडणार आणि शेवटी ते कुणाला देणार, याचा हिशेब त्याच फाइलमध्ये मागा. तो नसेल तर सही करू नका.

केनियाचे उदाहरण आधी घेतो, कारण ते मला सर्वांत जास्त लागते. केनिया एअरवेज ही काही ढिसाळ कंपनी नव्हती. पूर्व आफ्रिकेच्या तीन देशांची सामायिक कंपनी मोडल्यावर १९७७ मध्ये ती उभी राहिली, १९९६ मध्ये नेदरलँड्सच्या केएलएम या विमान कंपनीने तिच्यात २६ टक्के हिस्सा घेतला, आणि पुढची बरीच वर्षे आफ्रिकेत खासगीकरणाचा धडा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जायचे. २००६ मध्ये तिने बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर, मागवली. तेव्हाच्या वाढीकडे पाहता तो निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण बोइंगला हे विमान वेळेत तयार करता आले नाही. जुन्या ७६७ विमानांची निवृत्ती त्यामुळे लांबली, त्यांच्यावरचा देखभालीचा खर्च वाढत गेला, आणि पहिले ड्रीमलायनर नैरोबीत उतरले तेव्हा २०१४ चा एप्रिल उजाडला होता. दरम्यान कंपनीच्या ‘माविंगू’ या योजनेने दहा वर्षांत ताफा शंभराच्या पुढे नेण्याचे ठरवले होते. २०१३ च्या सप्टेंबरात वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला, पर्यटक आटले, मग पश्चिम आफ्रिकेत इबोला आला. प्रवासी घटत असताना मोठी विमाने एकामागून एक येत राहिली आणि हप्ते सुरू झाले.

परिणाम आपल्याला ठाऊक आहे. २०१४-१५ मध्ये सुमारे २,५७० कोटी शिलिंगांचा तोटा, पुढच्या वर्षी त्याहूनही जास्त. ७७७ जातीची काही विमाने विकली, तीन तुर्की कंपनीला भाड्याने दिली, दोन ड्रीमलायनर ओमानला गेली. ज्या विमानांसाठी आठ वर्षे वाट पाहिली ती दुसऱ्यांच्या रंगात उडू लागली. तिथल्या इंजिनिअरांना आणि पायलटांना त्याचे किती वाईट वाटले असेल, हे हँगरमध्ये काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

यातला दोष नशिबाचा किती आणि योजनेचा किती? हल्ला आणि साथ कुणाच्या हाती नव्हती. पण मागणी नोंदवल्यापासून विमान येईपर्यंत सहा-आठ वर्षे जातात, तेवढ्यात जग बदलू शकते, हे फाइलमध्ये गृहीत धरता आले असते. काही विमाने पुढे ढकलण्याची मुभा, काही भाड्याने घेऊन लवकर परत करण्याची सोय, जुन्यांपैकी दोन-तीन सुस्थितीत राखून ठेवण्याची तरतूद, अशी जागा ठेवता येते. विमान उत्पादक ती फुकट देत नाहीत. पण ती न घेण्याची किंमत काय असते ते नैरोबीने मोजले.

कंपनी त्यातूनही उठली. २०२४ साली ५४० कोटी शिलिंगांचा नफा झाला, दहा वर्षांहून अधिक काळातला पहिला. आणि लगेच २०२५ च्या पहिल्या सहामाहीत पुन्हा सुमारे १,२०० कोटींचा तोटा. कारण काय, तर नऊपैकी तीन ड्रीमलायनर जमिनीवर उभी होती. विमाने धडधाकट होती, पण जगभर इंजिनांची आणि सुट्या भागांची टंचाई होती. तीन विमाने उभी राहिली म्हणजे लांब पल्ल्याच्या जागांपैकी तिसरा हिस्सा गेला, आणि कर्जाचे हप्ते, पगार, विमा मात्र जागच्या जागी.

नव्या पिढीची इंजिने इंधन कमी खातात, म्हणूनच आपण ती घेतो. पण ती जास्त तापमानावर चालतात आणि आतल्या पात्यांना, नळ्यांना त्याची झळ बसते. धुळीच्या, उष्ण विमानतळांवर ती आणखी लवकर बसते. ठरलेल्या उड्डाणांनंतर इंजिन उतरवून कार्यशाळेत पाठवावेच लागते. पूर्वी ते काही आठवड्यांत परत यायचे. आता कार्यशाळेत नुसता नंबर लागायला महिने जातात. ज्या कंपनीकडे राखीव इंजिन आहे ती ते चढवून दुसऱ्या दिवशी उडते. जिच्याकडे नाही ती बाजारात भाड्याने शोधते, आणि टंचाईत भाडे मालक सांगेल ते. मग हँगरमध्ये एक ओळखीची गोष्ट सुरू होते : उभ्या विमानाचा एखादा भाग काढून उडणाऱ्याला लावायचा, पुढच्या आठवड्यात आणखी एक. काही महिन्यांनी ते उभे विमान कागदावर आपल्या मालमत्तेत असते आणि प्रत्यक्षात सांगाडा झालेले असते. राखीव इंजिन महाग असते, मोठ्या विमानाचे तर फारच. म्हणूनच ते खरेदीच्या यादीतून सगळ्यात आधी गळते. ती ओळ खोडू देऊ नका.

इजिप्तएअरने या बाबतीत कडू पण शहाणा निर्णय घेतला. त्यांनी २०१९-२० मध्ये एअरबस ए२२० जातीची बारा नवीकोरी विमाने आणली. त्यांच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनांनी इतका त्रास दिला की पाच वर्षेही पुरी व्हायच्या आत, २०२४ मध्ये, त्यांनी सगळीच्या सगळी विकली. विमान तरुण असताना विकले की त्याला गिऱ्हाईक असते. दहा वर्षे झुंजत बसले असते तर तेही राहिले नसते.

आता आमच्याकडचे सांगतो. एअर इंडियाचा तो उंच टॉवर मुंबईत नरिमन पॉइंटला समुद्राकडे तोंड करून उभा आहे. २००५-०६ मध्ये सरकारी मालकीच्या दोन कंपन्यांसाठी, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्ससाठी, मिळून १११ विमाने मागवली गेली, जवळजवळ सगळी कर्जावर. त्यातली लांब पल्ल्याची ७७७-२००एलआर विमाने आठ होती. तोट्यात चालतात म्हणून पाच अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकून टाकावी लागली. महालेखापालांनी २०११ मध्ये या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. आणि देखभालीचे काय? बोइंगने त्या सौद्याचा भाग म्हणून नागपूरला मिहानमध्ये मोठे देखभाल केंद्र बांधून द्यायचे ठरले होते. पहिली विमाने २००७ मध्ये आली, केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले. मधली आठ वर्षे ती कामे ज्या पैशांत आणि जिथे करून घेतली गेली, तो पैसा विदर्भातल्या पोरांच्या पगारात जाऊ शकला असता. शेवटी जानेवारी २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली आणि कर्जाचा मोठा भाग सरकारच्या, म्हणजे आमच्या, डोक्यावर राहिला. केनियाची ताळेबंदपत्रके वाचताना मला सारखे हेच आठवत राहते.

मग आपल्या खंडात हे नीट कुणी केले? इथिओपियन एअरलाइन्सने. तिची स्तुती ऐकून आपल्यापैकी काहींचे कान किटले असतील, पण स्तुती नफ्याची होते आणि पद्धतीकडे दुर्लक्ष होते. कंपनी १९४५ ची. अमेरिकेच्या टीडब्ल्यूए या विमान कंपनीच्या मदतीने, दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या डकोटा विमानांवर सुरू झालेली. आदिस अबाबाचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, त्यामुळे पूर्ण इंधन भरून उडणे अवघड; म्हणूनच वॉशिंग्टनला जाताना वाटेत कुठेतरी उतरावे लागत आले आहे, आणि परतीला समुद्रसपाटीवरून उडत असल्याने थेट येता येते. ही अडचण त्यांनी विमान निवडताना सगळ्यात वर ठेवली. १९८४ मध्ये देशात सोव्हिएत संघाच्या मैत्रीतले लष्करी सरकार होते, तरी कंपनीने आपल्या धावपट्टीला आणि मार्गांना शोभेल असे अमेरिकी ७६७ घेतले आणि ते वॉशिंग्टनहून आदिसला न थांबता आणले. त्या राजवटीची बाकी काही मी भलामण करणार नाही. पण विमान कोणते घ्यायचे हे विमान कंपनीला ठरवू देण्याएवढी समज तिने दाखवली, आणि आज अनेक लोकशाही सरकारांना ती दाखवता येत नाही.

पुढे २०१२ मध्ये आफ्रिकेतले पहिले ७८७ त्यांचे, २०१६ मध्ये पहिले ए३५० त्यांचे, २०२४ मध्ये पहिले ए३५०-१००० त्यांचे. बातम्या या पहिलेपणाच्या झाल्या. मला त्यापेक्षा जास्त महत्त्वाचे वाटते ते जुन्या ७६७ चे त्यांनी काय केले ते. प्रवासी सेवेतून काढलेले विमान मालवाहू करता येते : आसने काढायची, जमीन मजबूत करायची, बाजूला मोठा दरवाजा कापायचा, आणि मग ते आणखी पंधरा-वीस वर्षे फुले, औषधे, मोटारींचे भाग वाहते. २०२१ मध्ये त्यांनी इस्रायल एरोस्पेस इंडस्ट्रीजबरोबर हे रूपांतर आदिसमध्येच करण्याचे केंद्र उभारायला घेतले. म्हणजे विमान प्रवाशांच्या उपयोगाचे राहिले नाही तरी त्याची पुढची नोकरी, आणि ती देणारे हात, दोन्ही घरात. कोविडच्या काळात प्रवासी बंद झाले तेव्हा त्यांनी उभ्या विमानांतली आसने काढून माल वाहिला आणि सरकारी मदतीशिवाय तगले. त्यांच्या अकादमीत पायलट, इंजिनिअर, तंत्रज्ञ घडतात आणि इतर आफ्रिकी देशांतून मुले तिथे शिकायला येतात. विमान येण्याच्या कितीतरी आधी त्याला हात लावणारी माणसे तयार असतात.

त्यांच्याही वाट्याला १० मार्च २०१९ आला. नवे ७३७ मॅक्स बिशोफ्तूजवळ कोसळले आणि १५७ माणसे गेली. चूक विमानाच्या रचनेतली होती, आणि सुरुवातीला बोट मात्र आफ्रिकी पायलटांकडे दाखवले गेले, याचा संताप मला आजही आहे. कंपनीने मॅक्स पुन्हा उडवायला जवळजवळ तीन वर्षे घेतली, फेब्रुवारी २०२२ उजाडला. मधल्या काळात ताफ्यात इतर विमाने होती म्हणून तिला थांबता आले. छोट्या कंपनीला अशी वाट पाहणे परवडत नाही, आणि तिथेच धोका पत्करण्याचा मोह होतो.

आता टांझानिया आणि युगांडाच्या मंत्र्यांना थोडे स्पष्ट लिहितो; रागवू नये. एअर टांझानियाच्या छोट्याशा ताफ्यात क्यू४०० आहे, ए२२० आहे, ७३७ मॅक्स आहे, ७८७ आहे, मालवाहू ७६७ सुद्धा आहे. प्रत्येक जातीसाठी वेगळे प्रशिक्षित पायलट, वेगळे परवाने घेतलेले इंजिनिअर, वेगळी हत्यारे, वेगळ्या सुट्या भागांचे कोठार. क्यू४०० च्या पायलटला उद्या ए२२० वर बसवता येत नाही. मोठ्या कंपनीत हा खर्च शंभर विमानांत वाटला जातो, इथे तो तीन-चार विमानांवर पडतो. आणि ए२२० ची इंजिने इथेही दगा देऊन गेलीच. विमाने सरकारी संस्थेच्या नावावर असल्यामुळे आणखी एक गोष्ट घडली : २०१९ मध्ये जोहान्सबर्गला एक ए२२० जप्त झाले ते एका शेतकऱ्याच्या जुन्या भरपाईच्या दाव्यात, ज्याचा विमान वाहतुकीशी काही संबंधच नव्हता.

युगांडाने २०१९ मध्ये नव्याने सुरुवात केली ती चार सीआरजे९०० घेऊन. चांगली विमाने आहेत. पण ती जात बनवण्याचे काम २०२१ च्या सुरुवातीला कायमचे बंद झाले. जोडीला दोन ए३३०-८०० घेतली. या प्रकारची विमाने जगात मोजक्याच कंपन्यांकडे आहेत. सुटे भाग बरेचसे ए३३०-९०० शी जुळतात म्हणून उडवण्याचे अडत नाही, पण उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक शोधत फिरावे लागेल. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी कंपनीला हा अनुभव ए३४०-६०० ने दिला होता. चार इंजिनांचे देखणे विमान. इंधन महागले आणि दोन इंजिनांच्या विमानांनी त्याला मागे टाकले तेव्हा ठेवणेही महाग आणि विकणेही महाग झाले. बदली म्हणून भाड्याने घेतलेली ए३५० येऊन पोहोचली २०१९ च्या अखेरीस, आणि त्याच डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीपासून बचावासाठी प्रशासकांच्या हाती गेली. त्याच देशात फ्लायसफेअर ही खासगी कंपनी २०१४ पासून फक्त ७३७ उडवते आहे आणि देशांतर्गत बाजारात सगळ्यांच्या पुढे आहे.

नायजेरियाबद्दल एवढेच लिहितो की मे २०२३ मध्ये सरकारची मुदत संपता संपता इथिओपियाचे एक विमान ‘नायजेरिया एअर’च्या रंगात रंगवून अबुजाला आणून दाखवले गेले, आणि ती कंपनी काही उडाली नाही. पण त्याच नायजेरियाने २०२४ मध्ये एक काम असे केले की ते प्रत्येक अर्थमंत्र्याने अभ्यासावे. ते आहे केपटाऊन कराराचे.

विमान भाड्याने देणाऱ्याला एकच भीती असते : भाडे थकले तर माझे विमान मला परत मिळेल का? २००१ मध्ये केपटाऊनमध्ये झालेल्या कराराने त्याला हमी दिली. आफ्रिकेच्या शहराचे नाव असलेल्या या कराराचा लाभ आफ्रिकेलाच कमी मिळतो, कारण अनेक देशांनी सह्या केल्या तरी कोर्टाच्या आणि नोंदणी खात्याच्या नियमांत तो उतरवला नाही. धोका जास्त म्हणून भाडे जास्त, आणि मग स्वस्तात मिळते ते जुने, थकलेले विमान. नायजेरियाने विमान परत देण्याची न्यायालयीन कार्यपद्धती ठरवून दिल्यावर तिथल्या खासगी कंपन्यांना परदेशी मालकांची दारे पुन्हा उघडू लागली. आम्ही भारतात हे उशिरा शिकलो. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा पन्नासहून अधिक विमाने जवळजवळ वर्षभर मालकांना परत मिळाली नाहीत, आणि त्याचा फटका बाकीच्या भारतीय कंपन्यांच्या पतप्रतिष्ठेलाही बसला. कायदा झाला २०२५ मध्ये. तुमच्यापैकी ज्यांनी तो अजून केला नसेल त्यांनी करावा. त्याला विमानाएवढा पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट डॉलरची. तिकिटे शिलिंग, नायरा, क्वाचामध्ये विकली जातात. इंजिने, भाडे, इंधन, विमा डॉलरमध्ये. केनिया एअरवेजला २०२३ मध्ये चालू व्यवसायात नफा होऊनही शिलिंगच्या घसरणीने मोठा तोटा दाखवावा लागला. परदेशी कंपन्यांचे तिकीटविक्रीचे पैसे डॉलरअभावी नायजेरियात अडकल्यामुळे दुबईच्या एमिरेट्सने ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीपासून जवळजवळ दोन वर्षे नायजेरियाची सेवा थांबवली होती. डॉलर वाटताना सुट्या भागांची बिले शेवटच्या रांगेत उभी करू नका. एका पंपासाठी थांबलेले विमान रोज जेवढे बुडवते तेवढ्यात तो पंप कितीदा तरी आला असता.

काही गोष्टी एकट्या देशाच्या आवाक्यातल्या नाहीत. ए२२० टांझानियाकडे आहे, अंगोलाच्या टाग कंपनीकडे आहे, नायजेरियाच्या इबोम एअरकडे आहे. तिघांनी मिळून दोन-तीन राखीव इंजिने का ठेवू नयेत? ७८७ इथिओपिया, केनिया, टांझानिया, मोरोक्को, इजिप्त आणि आता अंगोला अशा सगळ्यांकडे आहे. आदिस, कासाब्लांका, कैरो आणि जोहान्सबर्गला मोठी देखभाल केंद्रे आहेत, तरी कितीतरी आफ्रिकी विमाने मोठ्या तपासणीसाठी समुद्रापार जातात. १९९९ च्या यामुसुक्रो निर्णयाने आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या एक-बाजार योजनेने आकाश मोकळे करायचे, म्हणजे आफ्रिकी कंपन्यांना एकमेकांच्या देशांत मोकळेपणाने उडू द्यायचे, ठरवले होते. ते रेंगाळले आहे. हँगर आणि कोठारे मोकळी करायला मात्र कुणाच्या राष्ट्राभिमानाला धक्का लागत नाही. मोरोक्कोची कंपनी २०३७ पर्यंत पन्नासाची दोनशे विमाने करणार आहे. तेवढ्या ताफ्याची कार्यशाळा उभी राहताना तिच्यात शेजारच्या देशांच्या विमानांसाठीही जागा ठेवली जावी.

जुन्या विमानांबद्दल एक शेवटचे. नीट सांभाळलेले वीस वर्षांचे विमान सुरक्षित असते आणि छोट्या मार्गावर कर्जमुक्त असल्यामुळे कमावतेही. वय वाढले म्हणून घाई नको. पण ज्या दिवशी ते सेवेतून काढायचे ठरेल त्या दिवसापासून त्याच्या इंजिनांची, लँडिंग गिअरची, संगणकांची किंमत महिन्यागणिक उतरते. कागदपत्रे पूर्ण असतील तर भाग विकले जातात, नसतील तर भंगार. लागोसपासून अनेक विमानतळांच्या कडेला टायर बसलेली, पाते गंजलेली विमाने वर्षानुवर्षे उभी आहेत. त्यातल्या कित्येकांचे भाग वेळेवर विकले असते तर एखादे राखीव इंजिन घेण्याएवढे पैसे जमले असते.

म्हणून विनंती आहे ती पुढच्या अर्थसंकल्पाबद्दल. सरकारी मालकीच्या किंवा सरकारी हमीवरच्या प्रत्येक विमानाची नोंद असलेले एक परिशिष्ट संसदेपुढे ठेवा : विमानाची जात, वय, या वर्षी ते किती दिवस उडाले, किती दिवस उभे होते आणि कशामुळे, त्याच्या इंजिनाची पुढची दुरुस्ती केव्हा, तिच्यासाठी किती रक्कम बाजूला काढली, आणि त्याला सेवेतून केव्हा काढणार. ही सगळी माहिती आपल्या कंपन्यांच्या देखभाल विभागात आजही तयार आहे. तिथल्या मुख्य अभियंत्याला बोलावून घ्या. तो एका दुपारी ती आपल्यापुढे मांडेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता
ठाणे, महाराष्ट्र